बेचाळीस मुली आणि एक कुलूप

मंकेसिम, बाजारामागची सुतारगल्ली
ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार

आदरणीय जोजोदादा यांच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे मी, कोबिना सुतार, याचा मान लववून नमस्कार. (दोन्ही हातही जोडले असते, पण एकाला सरस लागला आहे.) इकडे सर्व ठीक. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो, वहिनींचा खोकला कोरडा झाला की अजून ओलाच आहे, आणि गेल्या ईस्टरला माझी टोपी खाणारा तुमचा तो बोकड अजून हयात आहे का, हे सवडीने कळवावे. बोकडाबद्दल वाईट बातमी असली तरी लिहा, मी खंबीर आहे.

आधी एक हिशोब देतो, मग बाकीचं. पैशांचा नाही, पैसे त्यात फार लागलेच नाहीत. पोरीच्या, एकुआच्या, शिध्याच्या पेटीला मी जे कुलूप बसवलं त्याची खरी किंमत अशी: अकरा संध्याकाळी. डाव्या अंगठ्याचं एक नख, मुळापासून. अराबाच्या कपाटाचं जुनं कुलूप (आतले भाग त्यातूनच काढले, कपाट तेव्हापासून पडद्याच्या दोरीने बांधलेलं असतं). पास्टरसाहेबांना कबूल केलेलं प्रवचनाचं मेज, जे वेळेवर झालं नाही म्हणून पास्टर दोन रविवार सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटांमागे उभे राहिले आणि दोन्ही रविवारी दिलेला शब्द पाळण्याबद्दल बोलले. आणि कपाटापायी अराबाचा अबोला, बुधवार ते शनिवार, पुरे चार दिवस. तुमच्या घराण्याचा अबोला कसा असतो हे तुम्हाला मी काय सांगणार. इतकं सगळं मोजून दिलं तेव्हा ते कुलूप झालं. पण झालं असं की आक्रापासून टाकोराडीपर्यंत अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्या तोडीचं दुसरं नाही. बाहेर कडी नाही, कोयंडा नाही, तोडायला काही सापडतच नाही. सगळी करामत फळीच्या पोटात, बाहेर फक्त करंगळीच्या नखाएवढं भोक.

आता करार. ईस्टरला तुमच्या अंगणात, तो बोकड साक्षीला ठेवून, आपलं जे ठरलं ते पुन्हा लिहितो, म्हणजे मी काही गाळतो असं कोणी म्हणायला नको. तुमचं म्हणणं, पोरीने टेकडीवरच्या शाळेत राहून शिकावं. माझं म्हणणं, मंकेसिमलाही शाळा आहे, तिला छप्पर आहे, आणि एकुआ दुपारी जेवायला घरी येऊ शकते. आपल्यात मुलीच्या बाबतीत पहिला शब्द मामाचा, बापाने फक्त पेटी करायची. शेवटी ठरलं असं, की तिने पाच आठवडे राहून बघावं, पहिल्या भेटीच्या रविवारी मी तुमच्या बहिणीसमोर तिला एकदाच विचारावं, "घरी यायचं का?", आणि ती म्हणेल ते दोघांनी मान्य करावं. आली, तर पुढची पाच वर्षं तुम्ही शिक्षण या विषयावर तोंड उघडायचं नाही. राहिली, तर नाताळाला सगळे नातेवाईक जमले की मी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जोजोदादा बरोबर होते" हे वाक्य म्हणायचं. (हे वाक्य आपल्या कुटुंबात आजवर कोणी म्हटलेलं नाही, त्यामुळे त्याची चाल कशी असते मला माहीत नाही.)

दादा, या पाच आठवड्यांत मी तराजूच्या काट्याला बोट लावलं नाही. पोरीला एका शब्दाने फितवलं नाही. बापाला जे वाटत होतं ते बापाने पोटात ठेवलं. आणि तुमची बहीण तर काय, तुमच्याच रक्ताची. तिने पहिल्यापासून तुमची बाजू धरली. एकुआला पोचवून निघालो तेव्हा फाटकातून तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि घरी आल्याबरोबर पोरीची गादी उन्हात टाकून, गुंडाळून, माळ्यावर चढवली. आमच्या घराण्याचं काळीज लोखंडाचं, असं तुम्ही नेहमी सांगता. या खेपेला मी ते प्रत्यक्ष पाहिलं.

माझं विचाराल तर मला काही आठवणबिठवण आली नाही. दुकानात एकुआचं काम तरी काय होतं? टेपचं दुसरं टोक धरायची. सहा वर्षांची असल्यापासून धरायची, आकडा मोठ्याने सांगायची, आणि गिऱ्हाईक गल्लीच्या वळणावर गेलं की त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवायची. आता टेपचं दुसरं टोक मी एका खिळ्याला अडकवतो. खिळा उत्तम काम करतो.

कुलूप एवढं जबर कशाला, असं वहिनी विचारतील. वीस वर्षं मी बोर्डिंगच्या मुलींच्या पेट्या करतो आहे. पेटी घ्यायला येणाऱ्या आया फळीकडे कमी बघतात आणि एकमेकींशी जास्त बोलतात. रंधा चालू असला की लोकांना वाटतं सुताराला ऐकू येत नाही. (सुताराला सगळं ऐकू येतं.) त्यामुळे टेकडीवर काय चालतं ते तिथल्या मोठ्या बाईंना नसेल इतकं मला ठाऊक आहे. वरच्या वर्गातल्या मुली पहिल्या आठवड्यात नव्या पोरींची कसाव्याची रव्यासारखी भाजकी गारी संपवतात, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात आईने महिनाभर पुरेल म्हणून दिलेला मिरच्यांचा तिखटजाळ शितो, आणि चौथ्यात त्याच रिकाम्या पेटीवर बसून पोरींना शिस्तीचे चार शब्द सांगतात. माझ्या पोरीच्या शितोला कोणी हात लावणार नाही असं मी ठरवलं होतं. शितो तुमच्या बहिणीने केला होता, दोन दिवस खोकत.

शाळा सुरू होण्याआधी एकुआचं हाऊस (म्हणजे वसतिगृहाची इमारत) सांभाळणाऱ्या मिस ओटाबिल यांचं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, 'यंदा वर्षारंभी मुलींमध्ये एकोपा उभारण्यात येणार आहे. पालकांनी सहकार्य करावे.' उभारण्यात येणार म्हटल्यावर सुतार म्हणून मी ते दोनदा वाचलं. लांबीरुंदी दिलेली नव्हती, लाकूड कोणतं तेही नव्हतं. प्रत्येक नव्या मुलीने एक गाणं, एक खेळ आणि मोकळं मन घेऊन यावं, एवढंच होतं. त्याखाली सामानाची यादी: दोन बादल्या, गवत कापायला कोयता, आणि भक्कम कुलूप असलेली पेटी. मोकळं मन आणि भक्कम कुलूप एकाच कागदावर. त्यातलं जे माझ्या हातचं होतं ते मी केलं.

पोचवायला गेलो त्या दिवशी फाटकाशी काठीसारखी उंच, इस्त्रीच्या घडीसारखी सरळ अशी एक सोळा वर्षांची मुलगी पुढे आली. नाव फिलिपा. (तिथे वरच्या वर्गातल्या मुलीला सिस्टर म्हणायचं असतं, म्हणून सिस्टर फिलिपा.) म्हणाली, "बाबा, आजपासून मी हिची आई." हिची आई शेजारीच उभी होती.

"बरं झालं," अराबा म्हणाली. "हिला भेंडी आवडत नाही. विचारलंस तर आवडते म्हणेल."

फिलिपाने वही काढून ते लिहून घेतलं. "झोपेत बोलते का?"

"मोजमापं सांगते."

तेही लिहून घेतलं. नव्या मुलीला तिथे अशी एक आई मिळते आणि त्या आईला शेवटच्या वर्गातली आई असते. म्हणजे एकुआची आजीसुद्धा भेटली, सतरा वर्षांची, उसाचं कांडं चघळत होती. आजी म्हटल्यावर रिवाजाप्रमाणे मी टोपी काढून आधी नमस्कार केला. तिने तो घेतला, आणि उसानेच खूण करून मला पेटी जिन्यावरून वर न्यायला सांगितलं. पेटी जड होती. उचलताना खिशातल्या वस्तू इकडच्या तिकडे झाल्या, पण ते असो.

पहिल्या शनिवारी मिस ओटाबिल यांनी एकोपा उभारायला घेतला. हे मला आमच्या पाववालीकडून कळलं. ती शाळेच्या फाटकाशी पाव विकते आणि बुधवारी पिठासाठी बाजारात येते. (तिच्या बातम्या ताज्या असतात. पावांबद्दल मी बोलत नाही.) अंगणात एक भलंमोठं घमेलं ठेवलं, भोवती एकेचाळीस मुली आपापली पेटी घेऊन गोल बसवल्या. प्रत्येकीने आपल्या पेटीतून एक वाडगा गारी घमेल्यात टाकायची, वर साखर, शेंगदाणे, दुधाची पावडर, पाणी, सगळं कालवायचं आणि सगळ्यांनी एकातूनच खायचं. विचार चांगलाच होता. पण आक्राच्या चार मुलींकडे गारी नव्हती, म्हणून त्यांनी सहकार्य म्हणून डब्यातल्या सार्डिन टाकल्या. केटाच्या मुली म्हणाल्या, आमच्याकडे साखर शेवटी घालतात. आपल्याकडच्या मुली म्हणाल्या, म्हणूनच तुमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा जेवायला येत नाही. कुमासीच्या एका मुलीने काही न बोलता चमच्याने गारीत रेघ ओढली, ही बाजू आमची. पाच मिनिटांत त्या घमेल्यात चार देश झाले आणि सरहद्दीवर सार्डिन. मिस ओटाबिल यांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना उभं केलं आणि गाणं म्हणायला लावलं. मुलींनी ते चार सुरांत म्हटलं. पाववाली म्हणते, कानाला वाईट लागलं नाही, पण ठरवून नव्हतं.

या सगळ्यात बेचाळीसावी, एकुआ, कुठे होती? वर, खाटेवर. तिचं पहिलं पत्र असं होतं: 'बाबा, सगळ्यांच्या पेट्या उघडतात, माझी उघडत नाही. मॅडम म्हणाल्या, तशीच येऊन बस. पण रिकाम्या हाताने घमेल्याशी कसं बसायचं? मी गेले नाही. माझी खाट दारापाशी आहे. घरची आठवण येते.' (यापुढच्या ओळीवर शाई सांडलेली आहे, वाचता येत नाही, म्हणून ती इथे देत नाही.) मी उलट टपाली कळवलं की टेकडी समुद्रालगत आहे, खारी हवा लाकडात शिरते, लाकूड फुगतं, कुलूप धरून बसतं. ओढाताण करू नकोस, भेटीच्या रविवारी बाबा येऊन उघडतील. खारी हवा ही गोष्ट खरी आहे, दादा. तुमचं आयुष्य लाकडाच्या गिरणीत गेलं, तुम्हाला मी काय सांगायचं.

'घरची आठवण येते' हे वाक्य मी अराबाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," आणि माझ्या शर्टाला इस्त्री करत राहिली. लोखंड म्हणतो ते हेच.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी नाताळाच्या वाक्याची काळजी सोडून दिली होती. दाराशी खाट, बंद पेटी, रिकामे हात. पोर भेटीच्या रविवारी माझ्याआधी ट्रकमध्ये चढून बसेल, असं मी धरून चाललो. एक-दोनदा माळ्याकडे नजरही गेली. गादी खाली काढायला शिडी लागणार होती.

तिसऱ्या आठवड्यात दुसरं पत्र आलं, दोन्ही बाजूंनी भरून, आणि त्यात घर कुठेच नव्हतं. झालं होतं असं, की फिलिपाने हाऊसमध्ये फर्मान काढलं: जिची पेटी बंद ती सगळ्यांची पाहुणी. मग सोमवारी केटाच्या मुलींच्या खाटेवर जेवण, मंगळवारी कुमासीकडे, बुधवारी आक्राकडे (सार्डिन), गुरुवारी आपल्याकडच्या मुलींकडे. आणि जेवण झालं की ज्यांनी वाढलं त्यांनी पेटी उघडायचा एकदा प्रयत्न करायचा, असा नेमच पडला. केसांच्या पिना झाल्या, कंपासपेटीतला करकटक झाला, साबणाचं पाणी झालं. प्रार्थनामंडळाच्या मुलींनी पेटीवर हात ठेवून प्रार्थना केली. पेटीला काही झालं नाही. पण एकीकडच्या मुली हरताहेत हे बघायला दुसरीकडच्या यायच्या, हसायच्या, आणि आलोच आहोत तर म्हणून बसायच्या. पेटी सगळ्यांना सोयीची पडावी म्हणून मुलींनी ती उचलून खोलीच्या मधोमध नेली आणि तिच्यामागून एकुआची खाटही नेली. पोरीने लिहिलं होतं, 'बाबा, तुमचं कुलूप फार भारी आहे, सगळ्याजणी म्हणतात.' माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, आणि ते वाचून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

भेटीच्या रविवारी मी ट्रक ठरवला. त्याच्या कपाळावर 'रिकामा परतत नाही' असं रंगवलेलं होतं, तो बघूनच ठरवला. मागे एका पेटीची, एका गादीची आणि एका पोरीची जागा मोकळी ठेवली. अराबाने पानात बांधलेली मक्याची केंकी, तळलेली मासळी आणि शितोची नवी बरणी घेतली.

अंगणात बदामाच्या झाडाखाली माझी पेटी एका टेबलावर ठेवली होती, वर पांढरी चादर. बेचाळीस मुली रांगेत, मिस ओटाबिल शिट्टीसह, खुद्द मोठ्या बाई खुर्चीवर. मुलींनी 'पेटीचे बाबा आले' असं काहीतरी गाणं म्हटलं, या वेळी एका सुरात. मी काय करणार? मी चार शब्द बोललो. लाकूड हे श्वास घेतं, समुद्र हा शत्रू आहे, सुतार हा डॉक्टर आहे, असं. फळीला कान लावला, दोनदा टिचकी मारली, मान हलवली. मग सगळ्यांकडे पाठ करून जवळचं एक बारीक हत्यार चालवलं. खट् झालं. टाळ्या पडल्या. मी डॉक्टरासारखा बाजूला झालो आणि झाकण वर केलं.

पेटी रिकामी होती. धुतलेली, पुसलेली, तळाला वर्तमानपत्र घातलेली, आणि मधोमध एक झाकलेला वाडगा. वाडग्यात भिजवलेली गारी, साखर, शेंगदाणे, आणि वर चिठ्ठी: 'पेटीच्या बाबांचा वाटा.' मग मागच्या रांगेत एकीला हसू फुटलं आणि बेचाळीसच्या बेचाळीस खाली बसल्या, पोट धरून. मिस ओटाबिल यांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही.

मग सगळं बाहेर आलं. हाऊसमध्ये मेमुनातु नावाची बोलगाटांगाची एक मुलगी आहे. तिच्या भाषेचं दुसरं कोणी नाही, म्हणून तीन आठवडे ती कोणाशीच फार बोलली नव्हती. तिची पाळी आली तेव्हा बाकीच्या पुढच्या भोकाशी पिना घेऊन बसलेल्या. ती उठली, वळसा घालून पेटीच्या मागे गेली, थोडा वेळ बघत राहिली, आणि जेवणाच्या चमच्याच्या दांड्याने बिजागऱ्यांचे सहा स्क्रू काढले. मग म्हणाली, "मागून." एवढाच शब्द. दादा, अकरा संध्याकाळी मी कुलपाला दिल्या आणि बिजागऱ्या ठोकल्या बाहेरून, कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकतात तशा.

त्या संध्याकाळी बेचाळीस मुलींनी माझ्या पेटीतली गारी एकाच बादलीतून खाल्ली, तुमच्या बहिणीचा शितो दुसऱ्या बादलीत. रेघ कोणी ओढली नाही. साखर आधी घातली की नंतर, हे आता कोणाला आठवतसुद्धा नाही. मग स्क्रू जागच्या जागी लावले आणि शपथ घेतली की हे ना मॅडमना सांगायचं, ना दुसऱ्या हाऊसला. दुसऱ्या दिवसापासून हाऊस एकदम शहाणं झालं, एकमेकींकडे बघून हसू लागलं, आणि मिस ओटाबिल यांनी मोठ्या बाईंना अहवाल दिला की गाण्यांचा परिणाम दिसू लागला आहे.

मी मेमुनातुला बोलावून विचारलं, "काय गं, तुला कसं सुचलं?" ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आमचे बाबा सायकली दुरुस्त करतात, काका. लोक पुढच्या चाकाला कुलूप लावतात, आणि मग मागचं चाक जातं." तिला मी दुकानात घेतली असती.

आता मुद्द्याचं. मासळी सोडायच्या आधी, अराबा शेजारी बसलेली असताना, मी करारातलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "एकुआ, घरी यायचं का?" अराबा समुद्राकडे बघत होती. पोरीने माझ्या अंगठ्याकडे बघितलं, नख अजून अर्धंच आलं आहे. मग म्हणाली, "टेप कोण धरतं, बाबा?"

"खिळा."

"नीट धरतो?"

"हलत नाही. बोलतही नाही."

"नक्कल?"

"नाही करत."

तिने जरा विचार केला. "सुट्टीत येईन तेव्हा मी धरेन," ती म्हणाली. "तोवर खिळाच राहू दे."

"मासळी गार होते आहे," अराबा म्हणाली, आणि केंकीचं पान सोडायला तिला बराच वेळ लागला.

तर दादा, हे असं झालं. पोर टेकडीवर आहे, जाड झाली आहे, चार भाषांत भांडते. ट्रक परतला तेव्हा त्याच्या कपाळावरचं वाचायला मी पुढे गेलो नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, बोकडाला काही नाही.

तुमचा,
कोबिना एजिर, सुतार

ता. क. मिस ओटाबिल यांनी पुढच्या वर्षासाठी पेट्या सांगितल्या आहेत: दर हाऊसला एक, सगळ्या मुलींच्या गारीची, खोलीच्या मधोमध ठेवायची, कुलूप नको. पाच हाऊस, पाच पेट्या. तुमच्या गिरणीतून ओडुमच्या सुकलेल्या फळ्या पाठवाल का? सुकलेल्या. समुद्र हा शत्रू आहेच.

ता. क. २. खरी विनंती ही: ते नाताळाचं वाक्य. सगळ्यांसमोर उभं राहणं माझ्या वयाला आता झेपत नाही. मी इथेच लिहून देतो, ते म्हटलं असं धरावं: जोजोदादा बरोबर होते. हवं तर मोठ्याने वाचून बोकडाला ऐकवा, साक्षीला तोच होता. शिवाय मी हरलो तरी खेळलो सरळ, याचाही विचार व्हावा.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडून लिहितो आहे. शाई सांडलेली ओळ वाचता येते. शाई मी सांडली. ओळ अशी आहे: 'किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात राहिली का, जरा बघाल?' राहिली होती. पेटी जिन्यावरून चढवताना पडू नये म्हणून खिशात टाकली, घरी आल्यावर हाताला लागली, आणि टपालात टाकायला मला रोज उद्याचा दिवस बरा वाटला. असे पाच आठवडे. रविवारचं ते बारीक हत्यार म्हणजे तीच. ट्रक सुरू झाला तेव्हा एकुआने सरळ माझ्या खिशात हात घातला, किल्ली काढली, दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि म्हणाली, "सगळ्यांना मी खारी हवाच सांगितलंय." म्हणून ते वाक्य मी नाताळाला म्हणेन, उभं राहून म्हणेन, सूट नको.

फक्त लोखंडाच्या काळजाबद्दल तेव्हा कोणाला काही सांगू नका. पाच आठवड्यांत माझे शर्ट पाच वेळा धुतले गेले, आणि दर सोमवारी किल्ली धुतलेल्या शर्टाच्या खिशात, पुसून, परत ठेवलेली असायची. शर्ट मी धूत नाही. शर्ट तुमची बहीण धुते.